अग्निबाण उभा करताना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘अग्निबाण’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो मी समजू शकतो. ज्या माणसाने तीस वर्षे किमान वेतन, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी ह्यांवाचून दुसरे बोलणे केले नाही, त्याने एकाएकी आकाशात उडी घ्यावी हे जरा चमत्कारिकच दिसते. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते नगरपालिकेच्या वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांबाहेर झाले. तेव्हा गणिताची सूत्रे माझ्याकडून अपेक्षू नका. अग्निबाण हीही शेवटी माणसांनी, पाळ्या लावून, हत्यारे हातात घेऊन केलेली वस्तू आहे, आणि ती कशी करतात हे कामगाराच्या नजरेने पाहावे एवढाच माझा आजचा बेत आहे.

आपल्या जिल्ह्याचे आणि आकाशाचे नाते तसे जुने आहे. लोणारला एक उल्का काळ्या पाषाणावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा करून गेली. तो वरून खाली आलेला माल. खालून वर माल पाठवण्याचा उद्योग मात्र अलीकडचा. २०२३ च्या जुलै महिन्यात वर्तमानपत्रांनी बातमी दिली की चांद्रयान-३ साठी आपल्या खामगावहून चांदीच्या नळ्या गेल्या आणि उष्णतेपासून बचाव करणारे खास कापडही गेले. खामगावला लोक रजतनगरी म्हणतात ते दागिन्यांमुळे. ती बातमी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचली गेली तेव्हा एका हमाल बंधूने मला विचारले, ‘भाऊ, ह्या चांदीचं तिकडं काय काम?’ मला उत्तर आले नाही. त्या दिवसापासून मी ह्या विषयाच्या मागे लागलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले, आणि बरेच लांबलेले उत्तर आहे.

चांद्रयान ज्याच्यावर बसून गेले त्या अग्निबाणाचे नाव एलव्हीएम-३. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बाहुबली’ करून टाकले आहे. उंची ४३.५ मीटर, म्हणजे चौदा मजल्यांची इमारत. उड्डाणाच्या क्षणी वजन ६४० टन. आणि एवढा थोरला गडी नेतो किती? दूरसंचाराचे उपग्रह ज्या लांबट कक्षेत सोडतात तेथपर्यंत सुमारे ४ टन. आपण कापसाच्या मुलखातली माणसे, म्हणून हिशेब गाठींत करू. रुईची गाठ १७० किलोची धरली तर ६४० टन म्हणजे सुमारे ३,७६० गाठी झाल्या. एवढे वजन जमिनीवरून उचलायचे, आणि कशासाठी, तर २३-२४ गाठी मुक्कामी पोचवण्यासाठी! आपल्या बाजारातला कोणताही मालवाहतूकदार हा धंदा पत्करणार नाही.

हे असे का होते ते नीट समजून घेतले पाहिजे. एखादा गाडीवान अशा लांबच्या बाजाराला निघाला आहे की वाटेत कोठे चारा नाही आणि पाणीही नाही. बैलांचा कडबा त्याने गाडीतच भरला. कडब्याने गाडी जड झाली म्हणून आणखी एक जोडी जुंपली, मग त्या जोडीचा कडबा आला, आणि गाडी पुन्हा जड झाली. अग्निबाणाचे तसेच आहे. वर हवा नाही, म्हणून जळण्यास लागणारा प्राणवायूदेखील त्याला बरोबर न्यावा लागतो. ६४० टनांपैकी सुमारे ५५० टन हे केवळ जळून जाणारे द्रव्य आहे. राहिलेल्यात टाक्या, यंत्रे, नळ्या, तारा आणि शेवटी उपग्रह. म्हणूनच गाडी एकसंध ठेवत नाहीत. एक टप्पा रिकामा झाला की तो वाटेतच सोडून द्यायचा आणि पुढचा पेटवायचा. एलव्हीएम-३ मध्ये असे तीन टप्पे आहेत, आणि तिघांचे स्वभाव तीन प्रकारचे आहेत.

पहिला टप्पा म्हणजे बाजूचे दोन जाड खांब. ह्यांना एस-२०० म्हणतात. प्रत्येकात सुमारे २०५ टन घन इंधन असते, आणि ते सुमारे १३० सेकंदांत जळून जाते. म्हणजे एकेक खांब दर सेकंदाला दीड टन खातो. दोघे मिळून सेकंदाला अठरा गाठी! ही आग ज्या पोलादी कवचात कोंडायची ते कवच सुमारे ३.२ मीटर व्यासाचे आणि जेमतेम ८ मिलिमीटर जाडीचे असते. जाडी वाढवली तर वजन वाढते, कमी केली तर कवच फुटते. म्हणून पोलाद साधे चालत नाही. निकेल व कोबाल्ट घातलेले, भट्टीत ठरावीक तपमानावर मुरवून कठीण केलेले पोलाद लागते.

ही कवचे कोठे होतात? आपल्या महाराष्ट्रात होतात. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद ह्यांनी साखर कारखान्याच्या निमित्ताने माळावर वसवलेले हे गाव. तेथल्या कारखान्यात उसाच्या चरकाची यंत्रे करता करता अग्निबाणांची कवचे होऊ लागली, आणि चांद्रयान-३ च्या एस-२०० चे खंडही तेथे झाले. मला ह्या गोष्टीचे मोठे कौतुक वाटते. उसाचा रस काढणारे यंत्र आणि चंद्राकडे जाणारे यंत्र एकाच गावातल्या वेल्डरच्या हाताखालून जाते! त्या वेल्डरची प्रत्येक शिवण क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी तपासतात. मग कवचात पाणी भरून दाब देतात, आणि तो सोसला तरच ते पुढे जाते. शिवणीत सुईच्या अग्राएवढी पोकळी सापडली तरी तेवढा भाग खरवडून पुन्हा जोडावा लागतो. तेथे ‘चालून जाईल’ हा शब्द चालत नाही.

रिकामी कवचे आंध्रच्या किनाऱ्यावरील श्रीहरिकोट्यास जातात. पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर ह्यांच्यामधले हे बेट निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पूर्वेस मोकळा समुद्र आहे, म्हणून रिकामे टप्पे पडले तर कोणाच्या घरावर पडत नाहीत. दुसरे कारण असे की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, आणि विषुववृत्ताजवळ तो वेग जास्त असतो. श्रीहरिकोट्याला जमिनीवर नुसते उभे राहिले तरी माणूस सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने पूर्वेस जात असतो. पूर्वेकडे उडणाऱ्या अग्निबाणाला हा वेग फुकट मिळतो. आमच्या क्षेत्रात फुकट काही मिळत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

कवचात इंधन भरण्याचे काम येथेच होते. अमोनियम परक्लोरेट नावाचे क्षार, ॲल्युमिनियमची पूड आणि रबरासारखे चिकट द्रव्य ह्यांची कणीक मळतात. मळण्याच्या वेळी त्या खोलीत माणूस नसतो. सारे दुरून चालते. ही कणीक हवा काढून टाकलेल्या जागेत कवचात ओततात आणि कित्येक दिवस ऊब देऊन मुरवतात, तेव्हा ती घट्ट रबरासारखी होते. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून एवढा खटाटोप आहे. बुडबुडा किंवा भेग राहिली तर पेटल्यावर आग त्या भेगेत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो आणि दाब कवचाच्या सहनशक्तीबाहेर जातो. म्हणून भरलेला खंडही पुन्हा क्ष-किरणांखाली धरतात. ह्या कामाचा धोका कागदावरचा नाही. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोट्याच्या घन इंधनाच्या विभागात स्फोट होऊन सहा माणसे दगावली. उड्डाणाच्या दिवशी टाळ्या वाजवताना ही माणसे कोणाला आठवत नाहीत. मी त्यांची आठवण ह्या व्यासपीठावरून करून ठेवतो.

मधला टप्पा एल-११०. ह्यात द्रवरूप इंधन असते आणि ‘विकास’ नावाची दोन इंजिने ते जाळतात. ह्या इंजिनाची जन्मकथा प्रत्येक कामगाराने ऐकावी अशी आहे. १९७४ साली भारताने फ्रान्सच्या एका कंपनीशी करार केला. त्यांच्या वायकिंग इंजिनाची विद्या आपल्याला हवी होती, आणि पैसा तर जवळ नव्हता. तेव्हा ठरले असे की आपले अभियंते तिकडे जाऊन काम करतील, सारे मिळून शंभर मनुष्यवर्षांचे काम, आणि त्याच्या मोबदल्यात ती विद्या मिळेल. नंबी नारायणन ह्यांच्या नेतृत्वाखाली ती मंडळी गेली, त्यांनी परक्याच्या कारखान्यात काम केले, डोळे उघडे ठेवले आणि विद्या घेऊन परत आली. श्रम देऊन ज्ञान विकत घेतल्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आज ही इंजिने ज्या कारखान्यांतून तयार होतात त्यांत मुंबईच्या विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना आहे. जुळवणी व चाचणी होते ती तामिळनाडूतील महेंद्रगिरी येथे.

सर्वांत वरचा टप्पा सी-२५. ह्यात द्रवरूप प्राणवायू आणि द्रवरूप हायड्रोजन. पहिला शून्याखाली १८३ अंशांवर राहतो आणि दुसरा शून्याखाली २५३ अंशांवर. वजनाच्या मानाने जोर देण्यात ह्या जोडीचा हात धरणारे इंधन सहसा वापरात नाही, पण ती सांभाळणे म्हणजे राजघराण्यातला जावई सांभाळणे आहे. एवढ्या थंडीत धातू आक्रसतो, रबर काचेसारखे फुटते, आणि हायड्रोजन इतका बारीक की कोठून निसटेल ह्याचा नेम नाही. ही विद्या रशियाकडून घेण्याचा १९९१ चा करार अमेरिकेच्या दडपणामुळे १९९३ मध्ये मोडला. मग आपल्या लोकांनी ती स्वतः उभी केली. त्यात वीस वर्षे गेली, आणि वाटेत अपयशही आले.

आता हे सारे एका जागी येते. घन इंधनाचे तीन तीन खंड एकावर एक रचून दोन खांब उभे करतात. तळाचा खंड सुमारे ८२ टनांचा, मधला ९७ टनांचा आणि डोक्याचा २७ टनांचा. हे वजन दोरीला टांगून, केसाएवढ्या फरकाने एकमेकांवर बसवायचे असते. क्रेन चालवणाऱ्या माणसाने श्वास रोखून धरावा असे ते काम आहे. हे खांब रुळांवरून सरकणाऱ्या एका भल्या मोठ्या चौथऱ्यावर उभे राहतात. मग चौथरा सुमारे ८० मीटर उंचीच्या जुळवणीच्या इमारतीत जातो. तेथे मधला व वरचा टप्पा बसतो, उपग्रह बसतो, आणि वातावरणातून जाताना त्याला झळ लागू नये म्हणून त्यावर ५ मीटर व्यासाचे टोपण बसते. शेकडो जोड, हजारो तारा. प्रत्येक जोडाचा कागद आहे, आणि त्या कागदावर काम करणाऱ्याची एक सही व तपासणाऱ्याची दुसरी सही आहे. करणारा आणि तपासणारा एकच माणूस असता कामा नये, हा तेथला दंडक आहे. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पंखा पुसणारा, फ्यूज बदलणारा आणि ‘तपासले’ म्हणून सही करणारा एकच असतो हे तुम्ही जाणताच.

सगळी जुळवणी पुरी झाली की चौथरा अग्निबाणासह रुळांवरून उड्डाणतळाकडे निघतो. सुमारे एक किलोमीटरचे अंतर, आणि चाल आपल्याकडच्या पालखीपेक्षाही संथ. २०२५ च्या ऑक्टोबरात सीएमएस-०३ ह्या ४,४१० किलोच्या उपग्रहासाठी हा अग्निबाण २६ तारखेला तळावर नेला आणि २ नोव्हेंबरला उडवला. मधला आठवडा केवळ तपासण्यांचा. तपासण्यांचे निकाल दोन मंडळांपुढे जातात. एक विचारते, तयारी पुरी झाली काय? दुसरे उड्डाणास मंजुरी देते. त्यानंतरच उलटी मोजणी सुरू होते. चांद्रयान-३ च्या वेळी ती साडेपंचवीस तास चालली. ह्या काळात मधल्या टप्प्यात द्रव इंधन भरतात. ते विषारी आहे, म्हणून भरणारे कामगार श्वासाची हवा पाठीशी घेऊन, नखशिखांत झाकून काम करतात. सर्वांत शेवटी वरच्या टप्प्यात ती अतिथंड जोडी भरतात, कारण ती फार वेळ ठेवता येत नाही, उकळून जाते.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. द्रव इंधनाचे इंजिन तोटी बंद करून थांबवता येते. घन इंधन एकदा पेटले की संपले. कडब्याची गंजी पेटल्यावर तिला ‘जरा थांब’ म्हणून पाहा! एलव्हीएम-३ मध्ये तर प्रथम पेटतात ते हे दोन घन खांबच. मधली इंजिने जवळजवळ दोन मिनिटांनी, आकाशात गेल्यावर सुरू होतात. म्हणजे मोजणी शून्यावर आली आणि खांब पेटले की त्यापुढे ‘थांबा’ ह्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. त्या शब्दाला जो अर्थ आहे तो शून्याच्या आधी. सारी तयारी, ते कागद, त्या दोन दोन सह्या, ती मंडळे, हे सगळे ह्या एका शब्दासाठी आहे असे म्हटले तरी चालेल.

तो शब्द उच्चारणे किती अवघड असते ते १५ जुलै २०१९ च्या रात्री देशाने पाहिले. चांद्रयान-२ पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी उडावयाचे होते. राष्ट्रपती रामनाथ कोविंद स्वतः श्रीहरिकोट्यास आलेले होते. प्रेक्षकांच्या सज्जात हजारो माणसे जागत होती. मीही घरी दूरदर्शनपुढे बसलो होतो. आणि ५६ मिनिटे २४ सेकंद उरले असता घड्याळ थांबले. प्रथम कोणाला काही कळेना. मग सांगण्यात आले की अग्निबाणात दोष आढळला आहे, आज उड्डाण नाही. वरच्या टप्प्याच्या हेलियमच्या व्यवस्थेत गळती होती असे पुढे वर्तमानपत्रांत आले. हेलियम जळत नाही. तो टाक्यांत दाब ठेवण्याच्या आणि झडपा चालवण्याच्या कामी येतो. तेवढ्या कडाक्याच्या थंडीतही तो वायूच राहतो, म्हणून त्याची निवड. म्हणजे गळती पाहिली तर एका बिनजळत्या वायूची. ‘उडवून टाकू, होईल काय ते’ असे म्हणणारा एखादा निघाला असता तर राष्ट्रपतींसमोरची शोभा टळली असती. तसे कोणी केले नाही. इंधन उतरवले, दोष दूर केला, आणि २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी तोच अग्निबाण चांद्रयान-२ ला घेऊन गेला.

ही शिस्त आकाशातून पडलेली नाही. तिची किंमत मोजून झालेली आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताचा पहिला उपग्रहवाहक, एसएलव्ही-३, प्रथम उडाला. त्याचे वजन होते १७ टन. आजच्या गड्यापुढे ते पोर होते. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम. मोजणीच्या अखेरीस संगणकाने थांबण्याची खूण केली. नियंत्रणाच्या द्रवाची गळती दिसत होती. भोवतालच्या तज्ज्ञांनी हिशेब केला की द्रव पुरेसा आहे, आणि कलामांनी संगणकाला बाजूला सारून उड्डाणाचा हुकूम दिला. दुसऱ्या टप्प्यात तोल गेला आणि अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. ही हकीकत कलामांनी पुढे कित्येक सभांत स्वतःच्या तोंडाने सांगितली. त्या दिवशी पत्रकारांपुढे जाऊन अपयशाची जबाबदारी घेतली ती सतीश धवन ह्यांनी, इस्रोच्या अध्यक्षांनी. पुढल्या वर्षी १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले तेव्हा धवन मागे राहिले आणि पत्रकारांपुढे त्यांनी कलामांना पाठवले. वरच्या माणसाने अपयश आपल्याकडे ओढून घेतले म्हणजेच खालच्या माणसाला पुढच्या खेपेस ‘थांबा’ म्हणण्याचा धीर येतो. गळती सांगणाऱ्याचीच चौकशी लागते अशी ज्या कारखान्याची रीत असते तेथे गळती कोणीच सांगत नाही. ती दिसते सर्वांना.

ह्याच्या उलट काय होते ते इतर देशांनी दाखवले आहे. २४ ऑक्टोबर १९६० रोजी सोव्हिएत रशियाच्या बैकोनूर तळावर इंधन भरलेल्या एका नव्या क्षेपणास्त्रात गळती व बिघाड निघाले. इंधन उतरवून दुरुस्ती करावयाची, तर दिवस लागले असते, आणि क्रांतीचा वार्षिक दिन जवळ आला होता. मार्शल नेदेलिन तळाजवळच खुर्ची टाकून बसले. माणसे भरल्या टाक्यांभोवती काम करीत राहिली. दुसऱ्या टप्प्याचे इंजिन अवचित पेटले आणि मार्शलसह कित्येक डझन माणसे जळून गेली. १९८९ पर्यंत ही गोष्ट तेथे उघड बोलली गेली नाही. मी ज्या चळवळीत वाढलो तीत त्या देशाचे नाव आदराने घेतले जाई, म्हणून हे सांगताना मला बरे वाटत नाही. परंतु सांगणे भाग आहे. भांडवलशाही अमेरिकेतही निराळे घडले नाही. चॅलेंजर यानाच्या घन खांबांचे रबरी सांधे थंडीत नीट बसणार नाहीत, असे कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री कळकळून सांगितले होते. त्यांच्या वरिष्ठांनी ते बाजूला ठेवले. २८ जानेवारी १९८६ रोजी सात अंतराळवीर गेले. आपल्या एस-२०० चे तीन खंडही सांध्यांनीच जोडलेले आहेत, तेव्हा तो धडा आपल्याला परका नाही.

दुसऱ्यांचे एवढे सांगितले, तेव्हा स्वतःचे एक सांगितलेच पाहिजे.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच भागातल्या एका जिनिंग कारखान्यात आमची युनियन नवी होती आणि वेतनवाढीचा करार सहीच्या बेतात आला होता. कापसाचा ऐन हंगाम, फाटकाबाहेर गाड्यांची रांग. एक जुना फिटर माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘भाऊ, त्या शाफ्टचा आवाज काही बरा नाही येऊन राह्यला. एक दिवस बंद करून पाहू द्या म्हणा मालकाला.’ मी विचार केला, आता यंत्र बंद करण्याची गोष्ट काढली तर मालक बिथरेल आणि सह्या लांबतील. मी त्याला म्हणालो, ‘चार दिवस धकवा. सह्या होऊ द्या, मग मी स्वतः बोलतो.’ तिसऱ्या दिवशी बेअरिंग गेले, पट्टा उडाला, आणि एका वीस वर्षांच्या मुलाचा उजवा हात कोपराखाली गेला. करार झाला. त्या मुलाला आम्ही भांडून भरपाई मिळवून दिली, आणि त्याबद्दल माझा सत्कार झाला. हार घालणाऱ्यांत तो फिटर होता. त्याने मला आजवर एका शब्दाने बोलून दाखवलेले नाही.

मालकांच्या घाईवर मी तीस वर्षे बोललो. त्या दिवशीची घाई माझी होती. २०१९ च्या त्या रात्री घड्याळ थांबले तेव्हा घरातले लोक ‘फजिती झाली’ म्हणून झोपायला गेले. मी मात्र ओसरीवर जाऊन बराच वेळ बसून राहिलो.

श्रीहरिकोट्याची मंडळी देवमाणसे आहेत असे मला सुचवावयाचे नाही. पण ‘थांबा’ म्हणणे त्यांनी एका माणसाच्या धैर्यावर सोडलेले नाही. कोणत्या टाकीचा दाब किती असावा, कोणत्या झडपेतून किती गळावे, ह्याचे आकडे शांत डोक्याने, कित्येक महिने आधी लिहून ठेवलेले असतात. त्या रात्री पाहुणे कोण आले आहेत हे त्या आकड्यांना कळत नाही. आकडा ओलांडला गेला की मोजणी थांबते. १९ ऑगस्ट २०१३ रोजी जीएसएलव्ही ह्या अग्निबाणाची मोजणी ७४ मिनिटे उरली असता थांबवली गेली, कारण दुसऱ्या टप्प्यातून इंधन झिरपत होते. तो टप्पा नवा बांधला, टाकीचा धातूदेखील बदलला, आणि ५ जानेवारी २०१४ ला आपल्या अतिथंड इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. साडेचार महिने गेले, ते गेले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या एका चाचणीत तर संगणकानेच शून्याला ५ सेकंद राहिले असता काम रोखले. १९७९ प्रमाणे त्याला कोणी बाजूला सारले नाही. कारण शोधले, दुरुस्त केले, आणि सकाळी १० वाजता उड्डाण झाले.

आता ह्या कामाला वेगाची नवी ओढ लागली आहे. एलव्हीएम-३ आज परदेशी कंपन्यांचे उपग्रह भाड्याने नेतो. २०२२ च्या ऑक्टोबरात व २०२३ च्या मार्चमध्ये त्याने वनवेब कंपनीचे छत्तीस छत्तीस उपग्रह नेले. २ नोव्हेंबर २०२५ नंतरचे त्याचे पुढचे उड्डाण २४ डिसेंबरला, अवघ्या ५२ दिवसांत झाले आणि त्यात एका अमेरिकन कंपनीचा सुमारे ६ टनांचा उपग्रह होता. पूर्वी दोन उड्डाणांमध्ये वर्षे जात असत. गिऱ्हाईक आले की तारीख येते, तारीख आली की हंगाम येतो, आणि हंगामात फिटरचे कोण ऐकतो हे मी तुम्हांला सांगितलेच आहे. ह्याच अग्निबाणाच्या डोक्यावर पुढे गगनयानातून माणसे बसावयाची आहेत. त्यासाठी तो अधिक कसोशीने तपासला जात आहे, आणि बिघाड झालाच तर माणसांची कुपी ओढून दूर नेणारे वेगळे छोटे अग्निबाण टोकावर बसवले आहेत.

अग्निबाण गेल्यानंतर तळावर काय उरते, हेही सांगून टाकतो. चांद्रयान-३ अग्निबाणापासून सुटे होण्यास सुमारे सोळा मिनिटे लागली. तेवढ्यात टाळ्या, भाषणे आणि अभिनंदने सुरू होतात. तळावर मात्र चौथरा काळा पडलेला असतो, तारा जळालेल्या असतात, आगीचे लोट वळवणारा खड्डा धुवावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी झाडू, रंग आणि पाने घेऊन तेथे हजर होते, आणि चौथरा रुळांवरून परत जुळवणीकडे निघतो.